स्वयंपाकघरातला बल्बचा होल्डर बदलायचा आहे : घरी करावं का, आणि कसं?

मृणाल_ठाणे
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी १९८०च्या दशकातली, वायरिंग बहुतेक तेव्हाचंच. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भिंतीवर पिनेचा बॅटन होल्डर आहे. गेले काही महिने त्यात बल्ब टिकतच नाही. नवा एलईडी थोडे दिवस नीट चालतो, मग फडफडायला लागतो, मग दाबून फिरवला की लागतो आणि शेवटी जातो. त्यातले एकदोन बल्ब हॉलमध्ये लावून पाहिले तर व्यवस्थित लागले. काल संध्याकाळी होल्डरमधून बारीक चरचर ऐकू आली आणि कडेला तपकिरी डाग दिसला, तेव्हापासून तो दिवा लावलेला नाही.

ओळखीच्या दोघा इलेक्ट्रिशियनना फोन केले. "येतो ताई" म्हणतात, पण एवढ्याशा कामाला कुणी फिरकत नाही. सासूबाई दिवसभर त्याच ओट्याशी असतात, त्यामुळे मला हे लांबवायचं नाही. माझ्याकडे टेस्टर, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आहे. इस्त्रीची वायर, प्लगच्या पिना मी स्वतः बदलते. हे काम घरी करण्यासारखं आहे का? नेमकं काय काय बंद करायचं? मेन बोर्डात एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे खटके) आहेत आणि घरात इन्व्हर्टर आहे.

चटकन
होल्डर गेलाय. बटण बंद करा, दोन स्क्रू काढा, नवा लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

जुना_वायरमन
मृणालताई, नुसतं बटण बंद करून तो होल्डर उघडू नका. मी आयुष्यभर हेच काम केलं आहे, म्हणून आधी हे एवढं सांगतो, बाकीचं नंतर.

बटण फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, वायरीत असायला हवं. पण जुन्या घरात कुणीतरी मधे बोर्ड बदललेला असतो, एखादा पॉइंट वाढवलेला असतो, आणि बटण न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या वायरीत, गेलेलं सापडतं. दिवा लागतो, विझतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. अशा घरात बटण बंद केल्यावर दिवा विझतो खरा, पण होल्डरच्या पिनेवर पूर्ण २३० व्होल्ट तसेच उभे असतात. बल्ब आत असेल तर बल्बमधून दुसऱ्या पिनेवरसुद्धा. दिवा विझला म्हणजे करंट गेला, या समजुतीने फार लोक भाजलेत.

मला सांगा, घरातला एखादा एलईडी बटण बंद असतानाही रात्री मंद मिणमिणतो का? आणि मेन बोर्डात पहिला मोठा खटका एक खांबी आहे की दोन खांबी?

चटकन
काका, मग त्या लाइनचा एमसीबी पाडला की पुरे ना? बटणाचा प्रश्नच मिटला.

जुना_वायरमन
बहुतेक घरांत पुरेल, पण "बहुतेक" वर हात घालायचा नसतो. दिव्यांचा छोटा एमसीबी एक खांबी असतो, एकच वायर तोडतो. मीटरपासून आत येताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असेल, तर तो एमसीबी न्यूट्रल तोडतो आणि फेज तशीच होल्डरपर्यंत पोचलेली राहते. दोन खांबी मेन, म्हणजे डीपी, दोन्ही वायरी तोडतो. म्हणून घरच्या माणसाने काम करायचं तर डीपी मेनच पाडायचा. अर्धा तास पंखा नसला तर चालतं.

ज्यांच्याकडे अजून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत त्यांनीही हे वाचावं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन किटकॅट असतात. न्यूट्रलचा फ्यूज उडाला किंवा काढला तर घरातले सगळे दिवे जातात, सगळं मेल्यासारखं वाटतं, आणि प्रत्येक पॉइंटवर फेज जिवंत असते. तिथे दोन्ही किटकॅट काढून खिशात ठेवायचे. खिशात अशासाठी की घरातलं दुसरं कुणी "अरे, हे कुणी काढलं" म्हणून परत बसवू नये.

मृणाल_ठाणे
काका, मेन दोन खांबी आहे, त्याच्या पुढे चार छोटे एमसीबी आहेत. गळती करंटला पडणारा आरसीसीबी खटका नाही. आणि हो, पॅसेजमधला एलईडी बटण बंद असताना अगदी मंद लागलेला असतो! आम्हाला वाटायचं बल्बच तसा आहे.

जुना_वायरमन
मग तुमच्या घरात कुठेतरी बटण न्यूट्रलमध्ये असण्याची दाट शंका आहे. बटणाला लाल इंडिकेटर असेल तर त्यामुळेही एलईडी मिणमिणतो, किंवा लांब वायरी शेजारीशेजारी गेल्या असतील तरी. पण तुम्ही शंका खरी धरूनच चाला.

आता इन्व्हर्टर. या धाग्यावरचं सगळ्यात धोक्याचं हेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेले. तो त्याच क्षणी बॅटरीवर जातो, आणि घरात नेमके कोणते पॉइंट इन्व्हर्टरवर असतात? दिवे आणि पंखे. म्हणजे फ्रीज बंद, टीव्ही बंद, बोर्डावरचे सगळे खटके खाली, आणि ज्या होल्डरला तुम्ही हात घालणार तो मात्र चालू. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी होल्डरवर येतात ते २३०च. उलट बाजूनेही तसंच आहे. नुसतं इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद केलं आणि मेन चालू ठेवला, तर बाहेरची वीज इन्व्हर्टरमधून सरळ पुढे जाते. म्हणून दोन्ही बंद करायचं. आधी इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद, मग त्याची भिंतीतली पिन काढून बाजूला, मग मेन पाड. काढलेल्या पिनेच्या पितळी टोकांना हात लावू नका. एखादा बिघडलेला इन्व्हर्टर त्या टोकांतून उलटी वीज सोडतो.

मेन पाडल्यावर खटक्यावर चिकटपट्टी लावा आणि "काम चालू आहे, हात लावू नये" असा कागद चिकटवा. घरात जे कुणी असेल त्यांना तोंडानेही सांगा.

गणेश_अभियंता
काकांच्या बोलण्याला थोडी आकडेवारी जोडतो, कारण "नऊ वॅटचा तर बल्ब आहे, त्याचा काय शॉक बसणार" हे मी अनेकदा ऐकलं आहे. बल्ब किती वॅटचा आहे याचा शॉकशी काहीही संबंध नाही. ओल्या हाताच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला हजाराने भागा, २३० मिलिअँपिअर झाले. हृदयाचे ठोके बिघडवायला त्याहून खूप कमी करंट पुरतो. म्हणून तर घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो.

आणि तुमचा दिव्यांचा एमसीबी ६ अँपिअरचा असेल. माणसाच्या अंगातून करंट जातो तेव्हा तो एमसीबी हलतसुद्धा नाही, कारण त्याच्या लेखी तो एक लहानसा दिवा आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. मृणालताई, या निमित्ताने आरसीसीबी जरूर बसवून घ्या. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर आरसीसीबीलाही काही कळत नाही, म्हणून तो असला तरी मेन पाडायचाच.

बल्ब का जातात, तेही सांगतो. बॅटन होल्डरमधल्या दोन पिनांच्या मागे स्प्रिंग असते. पूर्वी त्यात ६० किंवा १०० वॅटचे तापणारे बल्ब असायचे. त्या उष्णतेने स्प्रिंग मऊ पडते, बेकलाइट ठिसूळ होतं. मग एक पिन आत बसून राहते, बल्बच्या बुडाशी असलेल्या शिशाच्या टिकलीला नीट टेकत नाही, आणि मधल्या बारीकशा फटीत ठिणगी उडत राहते. ती चरचर म्हणजे तीच ठिणगी. प्रत्येक ठिणगीबरोबर एलईडीच्या आतल्या सर्किटला धक्का बसतो आणि बल्ब बिचारा अकाली जातो. लोक बल्बच्या कंपनीला दोष देत नवे बल्ब आणत राहतात. जुना बल्ब काढून त्याच्या बुडाच्या टिकल्या पाहा, एकीवर काळा खड्डा दिसेल.

मृणाल_ठाणे
पाहिलं! अगदी तसाच खड्डा, एकाच टिकलीवर. दोन बल्बांवर सारखाच.

शंकेखोर
कायद्याने हे काम परवानाधारक वायरमननेच करायचं असतं ना? उद्या काही झालं तर?

जुना_वायरमन
रास्त प्रश्न आहे. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत ४५वा नियम होता. वायरिंगचं काम, वाढ, बदल, दुरुस्ती परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायची, पण दिवे, पंखे, फ्यूज, बटणं, २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं आणि फिटिंग यांची अदलाबदल त्यातून वगळली होती. अट एकच, त्यामुळे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. २०१०च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही ते कलम तसंच आलं. म्हणजे जुना होल्डर काढून तसाच नवा लावणं घरच्या माणसाला चालतं. नवी वायर ओढणं, पॉइंट वाढवणं, मेन बोर्डाच्या आत हात घालणं चालत नाही. आणि मीटरचं सील तर कुणीच तोडायचं नाही. तिकडे काही दिसलं तर १९१२ला फोन करायचा.

ही रेघ मला स्वतःला अगदी योग्य वाटते.

मृणाल_ठाणे
हे वाचून धीर आला. आता होल्डर कोणता घेऊ आणि प्रत्यक्ष काम कसं करू ते सांगा. शनिवारी सकाळी करायचं म्हणते, उजेडात.

जुना_वायरमन
सकाळी करताय हे उत्तम.

होल्डर आयएसआय शिक्क्याचा घ्या. पिनेच्या होल्डरसाठी भारतीय मानक आयएस १२५८ आहे. दुकानात हातात घेऊन दोन्ही पिना बोटाने दाबून पाहा. दोन्ही सारख्या आत जाऊन टणकन वर यायला हव्यात. मागचे वायरीचे स्क्रू पितळी हवेत. लोखंडी स्क्रूवर नुसतं पिवळं पाणी चढवलेलं असेल तर चुंबकाला चिकटतो. स्वयंपाकघरात वाफ आणि तेलाचा ओशटपणा असतो, तिथे दहावीस रुपये वाचवू नका.

कामाआधी टेस्टर तपासायचा. फ्रीजच्या सॉकेटमध्ये लावा, पेटतो का पाहा. भर उजेडात टेस्टरचा दिवा दिसत नाही, त्यावर हाताची सावली धरा. मग इन्व्हर्टर आणि मेन वर सांगितलं तसं बंद करा. भिंतीवरचं दिव्याचं बटण मात्र चालू करून ठेवा. हे लोक विसरतात. बटण बंद ठेवून तपासलं तर बटणामुळे पिन मेली आहे की मेनमुळे, हे कळणार कसं? बल्ब काढा, आणि टेस्टर होल्डरच्या एका पिनेला, मग दुसऱ्या पिनेला लावा. मग बटण बंद करून पुन्हा दोन्ही पिनांना. चारही वेळा टेस्टर मेलेला हवा. आता बाहेर येऊन मेन चालू करा, टेस्टर पुन्हा फ्रीजच्या सॉकेटला लावा. पेटला म्हणजे मधल्या वेळात टेस्टर बिघडलेला नव्हता. मेन परत पाडा, पिनांना परत एकदा टेस्टर. हे कंटाळवाणं आहे, माझ्या हाताखालची पोरं यावर कुरकुरायची, पण मी एकालाही यातून सूट दिली नाही.

उभं राहायला लाकडी स्टूल घ्या, ॲल्युमिनियमची शिडी नको. ओटा आणि हात कोरडे, गॅस बंद. बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. रबरी चप्पल घाला, पण तिच्या भरवशावर राहू नका.

होल्डरची पुढची गोल टोपी फिरवून काढली की भिंतीत गेलेले दोन स्क्रू दिसतात. ते काढून होल्डर हलकेच पुढे घ्या, ओढू नका, मागे वायर किती आहे माहीत नाही. वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. एका स्क्रूखाली दोन वायरी दिसल्या तर त्यातली एक पुढच्या दिव्याला गेलेली असते, त्या दोन्ही एकत्रच परत लावायच्या. सुट्या ठेवल्या तर पुढचे दिवे जातील. वायरीच्या रंगावर विश्वास नको. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ हा आपला जुना रिवाज, पण जुन्या घरात हाताला येईल ती वायर वापरलेली असते.

वायरीचं टोक काळं पडलेलं असेल तर तेवढं कापा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. साधारण आठ-दहा मिलिमीटर सोला. सोलताना तारेला ओरखडा पडू देऊ नका, तिथेच ती पुढे तुटते. बारीक तारांची वायर असेल तर पिळून दुमडा. वायर स्क्रूच्या भोकात घाला, स्क्रूखाली फक्त तांबं यायला हवं, प्लास्टिक नाही, आणि बाहेर तांबं दिसता कामा नये. घट्ट केल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहा. चरचर परत येते ती याच स्क्रूच्या सैलपणातून.

आणि आता थांबण्याच्या खुणा. होल्डर काढल्यावर आतल्या वायरीचं वेष्टन हात लावताच भुगा होत असेल, काळेपणा भिंतीच्या आत खोलवर गेला असेल, वायर इतकी तोकडी असेल की कापली तर पोचणार नाही, भिंत ओली असेल, किंवा मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद असूनही टेस्टर पेटत असेल, तर तिथेच थांबायचं. पेटत असेल तर कुठूनतरी दुसरी वीज घरात येते आहे, शेजारच्या घराच्या किंवा जिन्याच्या लाइनशी सरमिसळ झालेली असते. ते कोडं घरी सोडवायचं नाही.

गणेश_अभियंता
ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून पिन ते पिन आणि प्रत्येक पिन ते अर्थ असं मोजा. कधीकधी मेलेल्या वायरीवरही ४०-५० व्होल्ट दिसतात, शेजारून गेलेल्या चालू वायरीमुळे. पण घरातलं सगळं बंद असेल तर शेजारून जाणार कोण? म्हणजे आकडा दिसला तर "हे नुसतं भासमान असेल" म्हणून पुढे जायचं नाही.

कोकणातली_ओटी
आमचं घर समुद्राजवळ आहे, तिथला अनुभव सांगते. खाऱ्या हवेत होल्डरची पितळी पिन हिरवी पडते आणि पावसाळ्यात ओटीवरच्या होल्डरमध्ये मुंग्या, पाली शिरतात. पाल दोन पिनांमध्ये सापडली की धाडकन एमसीबी पडतो. ओटीवर आणि पडवीत आम्ही आता साधे होल्डर काढून झाकणाचे पावसाळी फिटिंग लावले, ज्यांच्यावर आयपी६५ लिहिलेलं असतं. वायर वरून सरळ आत सोडायची नाही, खाली एक झोळ देऊन खालून आत घ्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाशी टपकून जातं.

एक सांगायचं होतं. त्या काळातल्या पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमची एकेरी तार आहे. ती एकदोनदा वाकवली की तुटते. मृणालताई, तुमची तार पांढरट दिसली तर तिला फार हलवू नका.

जुना_वायरमन
ओटीताईंनी लाखमोलाचं सांगितलं. ॲल्युमिनियमला तांब्याची तार पिळून जोडायची नाही. त्या सांध्यावर बुरशीसारखी पांढरी पूड धरते, सांधा तापतो आणि आग तिथून लागते.

अनुज_न्यूजर्सी
इकडे घरात १२० व्होल्ट आहेत आणि सगळे होल्डर आट्यांचे. त्याला एक वेगळा नियम लागू होतो, जो आता भारतातही हवा, कारण पुण्याच्या आमच्या घरी बहिणीने लावलेले लटकते शोभेचे दिवे सगळे ई२७ आट्यांचे आहेत. पिनेच्या होल्डरला फेज कुठल्याही पिनेला गेली तरी बल्बला फरक पडत नाही. आट्यांच्या होल्डरला पडतो. फेज तळाच्या मधल्या बिंदूलाच हवी आणि न्यूट्रल आट्यांच्या कवचाला. उलट झालं तर बल्ब फिरवताना बोट ज्या धातूला लागू शकतं त्यावरच फेज येते. इकडे होल्डरला फेजचा स्क्रू पितळी रंगाचा आणि न्यूट्रलचा चंदेरी असतो, त्यामुळे गोंधळ कमी होतो. भारतात प्रत्येक होल्डरवर तशी खूण सापडत नाही, मल्टिमीटरच्या बजरने मधला बिंदू कोणत्या स्क्रूला जातो ते होल्डर हातात असतानाच पाहून घ्यावं.

टेबललॅम्पची दोन पिनांची वायर सॉकेटमध्ये कशीही उलटसुलट बसते, त्यामुळे तिथे फेज कवचावर आलेली नाही याची खात्री कधीच नसते. बल्ब बदलताना पिन काढूनच बदला.

मृणाल_ठाणे
शनिवारचा वृत्तांत देते. इन्व्हर्टरचं बटण, पिन, मेन, चिठ्ठी, सगळं सांगितल्याप्रमाणे. सासूबाई बोर्डाजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या, कुणाला हात लावू दिला नाही त्यांनी. चारही वेळा टेस्टर मेलेला. होल्डर पुढे घेतला. मागे तांब्याच्याच वायरी आहेत. एका स्क्रूखाली दोन वायरी, काकांनी म्हटलं होतं तशा. दुसरीकडे एकच, आणि ती काळी कुळकुळीत. पकडीने जरा सरळ केली तर वेष्टनाचे तुकडे गळून पडले, आणि भिंतीच्या पाइपात जिथवर दिसतं तिथवर तसंच आहे. मी तिथेच थांबले. आता हे असंच कसं ठेवू? रात्री घरात दिवे तर हवेत.

जुना_वायरमन
थांबलात ते फार योग्य केलंत. आता घाई नको.

मेन बंदच असू द्या. दुकानातून प्लास्टिकची कनेक्टर पट्टी आणा, त्यातले दोन सुटे कप्पे कापून घ्या. जोडीतल्या दोन वायरी एका कप्प्यात, दोन्ही घट्ट, म्हणजे पुढच्या दिव्यांची जोडणी तुटणार नाही. जळलेली एकटी वायर दुसऱ्या कप्प्यात, तिला बाकी कशाला जोडायचं नाही. दोन्ही कप्पे एकमेकांपासून लांब राहतील असे ठेवून वर कोरं झाकण बसवा. पण वेष्टन भिंतीच्या आतही गळलं आहे, म्हणून त्या लाइनचा एमसीबी मात्र खालीच ठेवा. कोणता एमसीबी त्या लाइनचा आहे ते एकेक चालू करून कळेल. इन्व्हर्टरची पिनही काढलेलीच ठेवा, नाहीतर तो याच दिव्यांना वीज देईल. स्वयंपाकघरात सॉकेटवर टेबललॅम्प लावून दोनतीन दिवस काढा. आणि वायरमनला फोन करताना "होल्डर बदलायचा आहे" म्हणू नका, "वायर जळली आहे, नवी ओढायची आहे" म्हणा. कामाचा आवाका कळला की माणूस येतो.

मृणाल_ठाणे
काका, तुमच्या त्या शेवटच्या वाक्याने काम केलं, सोमवारी संध्याकाळी परवानाधारक वायरमन आले. बोर्डापासून होल्डरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची नवी तांब्याची वायर ओढली. बोर्ड उघडल्यावर त्यांनीच दाखवलं: स्वयंपाकघराचं आणि पॅसेजचं, दोन्ही बटणं न्यूट्रलमध्ये होती. मी नुसतं बटण बंद करून उघडलं असतं तर होल्डरमध्ये पूर्ण फेज तशीच होती. तो विचार मनातून जात नाहीये. दोन्ही बटणं फेजमध्ये घेतली, पॅसेजचा दिवा आता मिणमिणत नाही. आरसीसीबीसाठी पुढच्या आठवड्यात येणार आहेत.

पॅसेजचा होल्डर मात्र मी स्वतः बदलला, त्यांच्या समोर. तिथे वायरी धडधाकट होत्या. त्यांनी फक्त एक सुधारणा केली, माझी वायर जरा जास्त सोलली गेली होती, ती तेवढी कापायला लावली.

गणेश_अभियंता
उत्तम. आता एक सवय ठेवा. नव्या होल्डरमध्ये बल्ब लावून तासभर चालू ठेवा, मग इन्व्हर्टर आणि मेन दोन्ही बंद करून होल्डरच्या कडेला हाताची पाठ लावून पाहा. एलईडीचा होल्डर जेमतेम कोमट लागतो. चटका बसला तर स्क्रू सैल आहे.

आणि ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी बल्ब काढलेला होल्डर मोकळा ठेवू नये, जुना गेलेला बल्बच त्यात राहू द्यावा.

सायली_मंडई
थोडं वेगळं विचारते. गणपतीत आम्ही बल्बच्या होल्डरमध्ये तो दोन पिनांचा ॲडॅप्टर लावून तिथून माळा, फोकस, छोटा पंखा असं सगळं घेतो. होल्डर नवीन असेल तर चालेल ना?

जुना_वायरमन
नाही सायलीताई, नव्यालाही झेपत नाही. पिनेच्या बी२२ होल्डरची मर्यादा २ अँपिअर, म्हणजे जास्तीत जास्त साडेचारशे वॅटच्या आसपास, आणि तीही स्प्रिंग ताजी असताना. नुसत्या एलईडीच्या एकदोन माळा चालतील. पण फोकस आणि पंखा त्यात आला की पिना तापतात, आणि वर मखराचा कागद, थर्माकोल, पडदे असतात. शिवाय त्या ॲडॅप्टरला अर्थिंग नसतं, आणि धातूच्या फोकसला अर्थ हवाच. मखराजवळ ६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट आत्ताच, श्रावणात, वायरमनकडून काढून घ्या. आयत्या वेळी कुणी मिळत नाही. सार्वजनिक मंडळाचा मांडव असेल तर घरातून किंवा खांबावरून वायर ओढायची नाही, गणेशोत्सवासाठी महावितरण तात्पुरती जोडणी देतं, तिचा अर्ज करा.

सायली_मंडई
मांडव नाही, घरचाच गणपती आहे. सॉकेटचं उद्याच विचारते. फोकसच्या वायरीत हिरवी तार आहेच, ती आजवर नुसतीच दुमडून ठेवलेली होती.

जुना_वायरमन
ती तीन पिनांच्या प्लगच्या वरच्या मोठ्या पिनेला लावा. आणि वायरमन आले की त्या नव्या सॉकेटचं अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोचतं का, ते त्यांच्याकडून टेस्ट लॅम्पवर तपासून घ्या. जुन्या घरांत पुष्कळदा सॉकेटचं वरचं भोक नुसतंच असतं, त्याच्या मागे वायरच नसते.